बोटीवरची पहिली नोकरी

समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला समुद्राची भीती नसते, असं घाटावरची माणसं समजतात. ते खरं नाही. आमच्या गावात समुद्राला सगळेच भीत. माझी आई तर फारच भीत असे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आई तेव्हा लहान होती. पुढं मी बोटीवर नोकरीला जातो म्हटलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "रामदास मुंबईच्या दारात बुडाली रे. तू तर विलायतेला जाणार."

पण करणार काय? गुहागरकडच्या आमच्या खाडीकाठी जमीन थोडी आणि खाणारी तोंडं फार. गावातली निम्मी घरं मुंबईच्या मनिऑर्डरवर चालत. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, तर कोणी बोटीवर. बोटीवरचा माणूस सुट्टीवर आला, की त्याच्या घरी चिमणीऐवजी गॅसबत्ती पेटे. ती गॅसबत्ती बघून मी बोटीवर जायचं ठरवलं. दुसरं काही मोठं कारण नव्हतं.

बोटीवर जायचं म्हणजे मर्चंट नेव्हीत जायचं. मर्चंट नेव्ही म्हणजे व्यापारी जहाजं. नौदल वेगळं. नौदलाचं जहाज लढाईसाठी असतं. व्यापारी जहाज माल वाहतं. गहू, कोळसा, तेल, कापड, यंत्रं, जे लागेल ते. तुमच्या घरातला रॉकेलचा दिवा किंवा मोटारीतलं पेट्रोल बहुधा कुठल्या तरी जहाजातून आलेल्या तेलावर चालतं.

पूर्वी आपल्या देशाचा माल परक्यांच्या जहाजांतून जाई. भाडं परक्यांना मिळे. 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' नावाचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं. ते सिंदिया कंपनीचं होतं. ही कंपनी काढणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते. त्या दिवसाची आठवण म्हणून 5 एप्रिलला आपल्याकडं राष्ट्रीय सागरी दिन पाळतात.

पण त्या जुन्या काळात खलाशाला नोकरी मिळे ती दलालाच्या हातून. दलालाला पैसे चारावे लागत. 1954 साली मुंबईत सरकारी कचेरी निघाली. तिथं खलाशांची नावं नोंदू लागली. ज्याची पाळी, त्याला बोट. माझ्या वेळी हीच पद्धत होती.

मी 1973 साली मुंबईला आलो. त्याआधी सरकारी शिकाऊ जहाजावर शिकून झालं होतं. गाठी मारणं, होडी वल्हवणं, आग विझवणं, सुकाणू धरणं, हे सगळं तिथं शिकवलं. मग मला एक लहानशी वही मिळाली. तिच्यात माझा फोटो आणि माझी खूण होती. खलाशी लोक या वहीला 'नल्ली' म्हणत. कुठल्या जहाजावर कधी चढलो आणि कधी उतरलो, हे सगळं नल्लीत लिहिलं जातं. खलाशाचा सगळा जन्म त्या वहीत असतो म्हणा ना! नल्ली हरवली तर तुम्ही खलाशी आहात हे समुद्रालाही पटायचं नाही.

पाळी येईपर्यंत मुंबईत राहायचं. गोव्याच्या खलाशांची धोबी तलावाकडं 'कूड' असत. कूड म्हणजे एकेका गावाची राहण्याची जागा. भाडं थोडं, आणि गावचीच माणसं सोबतीला. आमच्याही गावाची डोंगरीला एक खोली होती. खोलीत चौदा माणसं आणि चौदा पेट्या. पेटीवर पेटी ठेवायची आणि खाली झोपायचं. ज्यांच्या गावाची खोली नव्हती, ते एखाद्या खोलीवाल्याकडं उधारीवर राहत. बोट मिळाली की उधारी फेडायची, असा बोलीचा व्यवहार होता. आणि खरी गंमत तिथंच होती.

नोव्हेंबरात मला बोट मिळाली. करारावर सही करायला आम्ही रांगेत उभे होतो. हा करार खलाशी आणि जहाजाचा मालक यांच्यात होतो. पगार किती, काम काय, किती महिने, जेवण काय, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सही शिपिंग मास्तरासमोर करायची. शिपिंग मास्तर हा सरकारी अंमलदार. करार वाचून खलाशाला समजावून सांगायचा, असं कायदाच म्हणत होता. पण त्या दिवशी रांग होती साठ माणसांची. एवढ्यांना कोण समजावणार? कारकून भराभर कागद सरकवत होता.

माझ्या पुढं पन्नाशीचे एक गृहस्थ होते. दापोलीकडचे. इंजिनात तेलवाला म्हणून चालले होते. रांगेतच आमची ओळख झाली. मी त्यांना काका म्हणू लागलो. काकांनी मला सांगितलं, "अर्धा पगार घरी लावलाय. बायकोला दर महिन्याला मिळंल. पोरीचं लग्न काढायचंय."

याला बोटीवर 'अलॉटमेंट' म्हणतात. खलाशी समुद्रावर असतो. तो मनिऑर्डर कशी करणार? म्हणून पगारातला काही हिस्सा कंपनी परस्पर घरी पाठवते. कोणाला पाठवायचा, ते नाव आधी एका कागदावर लिहून द्यावं लागतं.

काकांचा कागद टेबलावर होता. तो इंग्रजीत होता. मी अकरावी नापास. पण नाव वाचण्यापुरतं इंग्रजी मला येत होतं. नाव बाईचं नव्हतं. एका पुरुषाचं होतं आणि पुढं लिहिलं होतं, 'भाऊ'. कागद खोलीवाल्यानं भरून दिला होता. हे नाव खोलीवाल्याचंच असणार, हे मी ओळखलं.

काकांनी शाईच्या गादीवर अंगठा दाबला. मग कागदावर दाबला.

मी बोललो नाही. मागून माणसं ढकलत होती. कारकून ओरडत होता. आपण नवखे, नसती भानगड केली तर आपलंच नाव कापतील, असं मला वाटलं. शिवाय मनाला म्हटलं, असेल खरंच भाऊ. खोटं कशाला सांगू? तसं मला वाटलं नव्हतं. मी तसं मनाला समजावलं होतं.

जहाज निघालं.

जहाज म्हणजे एक तरंगतं गावच. गावचा पाटील तो कप्तान. त्याच्या हाताखाली अधिकारी. जुने खलाशी अधिकाऱ्याला 'मालिम' म्हणत. वरच्या कामाच्या खलाशांचा मुकादम तो सारंग. सारंगाचा मदतनीस टंडेल. सुकाणू धरणारा तो सुकाणी. रंग, दिवे, दोर यांची कोठी सांभाळणारा कसाब. खलाशांचा स्वयंपाक करणारा भंडारी. कोळशाच्या बोटी होत्या तेव्हा भट्टीत कोळसा घालणारे आगवाले असत. आमची बोट तेलाची. तिच्यात इंजिनाला वंगण घालत फिरणारे तेलवाले होते. ही नावं आता मागं पडली. आता सारंगाला बोसन म्हणतात. पण आमचे सारंगचाचा सारंगच होते. रत्नागिरीकडचे, पाच वेळा नमाज पढणारे आणि सहाव्यांदा आम्हाला शिव्या देणारे.

पहिले चार दिवस मी मेल्यासारखा होतो. जहाज डोलतं आणि पोटातलं सगळं वर येतं. मी पडून राहिलो तर चाचांनी उठवलं आणि हातात हातोडा दिला. म्हणाले, "आडवा झालास की दर्या छातीवर बसतो. वाऱ्यावर उभा राहा. लांबच्या रेघेकडं बघ. पोट रिकामं ठेवू नको." सुकी पोळी आणि लिंबू चोखत मी गंज ठोकत राहिलो. पाचव्या दिवशी भंडाऱ्याकडं दोनदा भात मागितला.

हा गंज ठोकणं म्हणजे नव्या खलाशाचं मुख्य काम. लोखंड आणि खारं पाणी यांचं हाडवैर. गंज ठोकायचा, तारेच्या ब्रशानं घासायचा, शेंदरी रंग लावायचा, त्यावर दुसरा रंग. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा गंजलेलं असतं.

बोटीवर दिवसाच्या सहा पाळ्या असतात. चार तास काम, आठ तास सुटी. पुढं माझी पाळी पहाटे चार ते आठ आणि संध्याकाळी चार ते आठ अशी लागली. त्या पाळीला सुकाणू हाती मिळे. मालिम होकायंत्राचा आकडा सांगे. आपण तोच आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. बरोबर ऐकलं की नाही हे त्याला कळावं म्हणून. कंटाळवाणं वाटतं, पण एका चुकीच्या आकड्यानं जहाज खडकावर जाईल.

त्या पहाटे मी आकाश बघायला शिकलो. मुंबईला ध्रुव तारा उत्तरेला बेताच्या उंचीवर दिसतो. आम्ही दक्षिणेला जात होतो. ध्रुव रोज थोडा थोडा खाली उतरू लागला. विषुववृत्तापाशी, म्हणजे पृथ्वीच्या मधल्या रेघेपाशी, तो पाण्याला टेकला आणि मग बुडाला. लहानपणी ऐकलं होतं की ध्रुवाचं पद अढळ आहे. मला चुकल्यासारखं झालं. पण दुसऱ्या बाजूनं त्रिशंकूचे चार तारे वर आले. कोकणात दक्षिणेला खाली दिसणारा अगस्ती इथं डोक्याकडं चढला. मालिम म्हणाले, "तारा बुडालेला नाही. आपण गोल पृथ्वीच्या पोटावरून खाली उतरलो. मधे पृथ्वी आली." शाळेत पृथ्वी गोल आहे हे मी पाठ केलं होतं. पटलं ते त्या दिवशी.

आता तुम्ही विचाराल, विलायतेला जायचं तर दक्षिणेला कशाला? कारण सुएझ कालवा बंद होता. 1967 च्या जूनमध्ये अरब आणि इस्रायल यांची लढाई झाली. तेव्हा बंद पडलेला कालवा 5 जून 1975 ला उघडला. मधली आठ वर्षं जहाजं सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जात. कालव्यानं मुंबईहून लंडन सुमारे सव्वासहा हजार सागरी मैल. वळशानं पावणेअकरा हजारांच्या आसपास. सागरी मैल आपल्या किलोमीटरच्या जवळजवळ पावणेदोन पटीहून थोडा मोठा. आमची बोट तासाला पंधरा सागरी मैल चाले. म्हणजे नुसतं चालायचं म्हटलं तरी एक महिना. पुढं 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. तेव्हाही पुष्कळ जहाजं पुन्हा याच जुन्या लांबच्या वाटेला लागली.

वाटेत मोंबासाला तेलपाणी घेतलं. दक्षिण आफ्रिकेच्या बंदराला मात्र आम्ही लागलो नाही. तिथं तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या माणसांना आणि तिथल्या हिंदी माणसांनाही ते हीन वागवत. म्हणून आपल्या देशानं 1946 सालीच त्यांच्याशी व्यापार तोडला होता. केप टाऊनमागचा सपाट माथ्याचा डोंगर आम्ही लांबूनच पाहिला.

बोटीच्या बाहेरच्या अंगाला एक खूण असते. एक वर्तुळ आणि त्यातून आडवी रेघ. शेजारी आणखी काही रेघा. माल भरताना ही रेघ पाण्याखाली जाता कामा नये. शेजारच्या रेघा कशाला? खाडीत होडी जरा जास्त बुडते आणि समुद्रात आली की वर उचलते, हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक असतं. खारं पाणी जड असतं, ते जास्त तोलून धरतं. म्हणून गोड्या पाण्याची रेघ वेगळी, खाऱ्याची वेगळी. थंडीतल्या वादळी समुद्राची सगळ्यात खाली, म्हणजे तेव्हा माल कमी भरायचा.

या रेघेमागं मोठी लढाई आहे. पूर्वी विलायतेत काही मालक जुन्या बोटी मालानं ठासून भरत. बोट बुडाली तर विम्याचे पैसे मिळत. खलाशी बुडत. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या गृहस्थानं तिथल्या पार्लमेंटात यावर रान उठवलं. 1876 साली रेघेचा कायदा झाला. पण रेघ कुठं मारायची ते मालकानंच ठरवायचं! रेघेची जागा कायद्यानं ठरली ती 1890 साली. मधली चौदा वर्षं रेघ होती आणि नव्हतीही. मला हे कळलं तेव्हा काकांचा तो कागद आठवला. त्यावरही सगळं रीतसर होतं. नाव तेवढं मालकाच्या सोयीनं भरलेलं.

जानेवारी 1974 मध्ये आम्ही लंडनच्या गोदीत शिरलो. तिकडं कोळशाची आणि तेलाची टंचाई होती. कारखाने आठवड्याला तीनच दिवस चालत. थंडी अशी, की दोर काठीसारखे ताठ झाले होते. बोट धक्क्याला बांधताना मी दोराच्या वेढ्यात उभा होतो. माझं लक्ष किनाऱ्याकडं. एकाएकी चाचांनी मला मागून कॉलरला धरून असं ओढलं, की मी पाठीवर पडलो. त्याच क्षणी दोर तुटला. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो. मी उभा होतो त्या जागी लोखंडी कठड्याला पोचा आला. चाचांनी माझ्या एक थोबाडीत दिली. म्हणाले, "पाय कुठं आहेत ते बघ आधी. लंडन कुठं पळून जात नाही."

त्याच संध्याकाळी टपाल आलं. काकांना एक पत्र होतं. गावच्या मास्तरांनी त्यांच्या बायकोसाठी लिहिलेलं. काका ते घेऊन माझ्याकडं आले. मी मोठ्यानं वाचलं. दोन महिने झाले, पैसे आलेले नाहीत. वाण्यानं उधार बंद केलं. मुलीच्या सासरचे आता थांबायला तयार नाहीत.

काका म्हणाले, "नीट वाच. पैसे आले नाहीत असं कसं असंल?"

मग मी त्यांना सांगितलं. रांगेत मी काय वाचलं होतं ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला तेव्हा दिसलं होतं?"

मी हो म्हटलं. थोबाडीत तर सकाळी खाल्लीच होती. ती फार हलकी होती.

दुसऱ्या दिवशी मी काकांना घेऊन कप्तानाकडं गेलो. अर्ज लिहिला. नाव बदललं. तिसऱ्या महिन्यापासून पैसे बायकोला मिळू लागले. आधीचे पैसे गेले ते गेलेच. खोलीवाला म्हणाला, उधारी होती. किती होती, हे त्याच्याच वहीत लिहिलेलं होतं.

आता नियम बदलले आहेत. दहावी झालेला मुलगा सुमारे सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन बोटीवर जातो. खलाशांच्या हक्कांसाठी 2006 साली पुष्कळ देशांचा मिळून एक करार झाला. 2015 साली भारतानं तो मान्य केला. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं त्यात आहे. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट, नल्ली, एवढाच खर्च ज्याचा त्यानं करायचा. करार सही करण्याआधी वाचायला मिळाला पाहिजे, आणि सहीनंतर त्याची प्रत आपल्याजवळ राहिली पाहिजे. चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती. पगार महिन्याच्या महिन्याला. आणि नोकरी लावणाऱ्या कंपनीजवळ सरकारच्या जहाज-खात्याचा परवाना पाहिजे.

तरीही फसवणारे आहेतच. बोटीवर लावतो म्हणून लाख लाख रुपये घेतात आणि पोराला परक्या देशात सोडून देतात. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका पोरानं बापाची आंब्याची कलमं गहाण टाकून असे पैसे भरले. परवान्याचा नंबर विचारायचा असतो, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. या खेपेला मी वेळेवर बोलायला हवं होतं, पण त्यानं मला सांगितलं ते पैसे भरल्यावर.

परतीचा रस्ताही आफ्रिकेला वळसा घालूनच. रोज संध्याकाळी माझी पाळी सुटली की काका पाटी घेऊन बसत. पाटी कसली, जुन्या पेटीचं झाकण आणि रंगरंगोटीतला खडू. इंजिनातल्या वंगणानं त्यांचे हात काळे असत. खडू काळा होई. पहिले आठ दिवस नुसतं स्वतःचं नाव. मग बायकोचं. मग आकडे. आकडे त्यांना लवकर आले, कारण इंजिनातल्या घड्याळांचे काटे ते वीस वर्षं बघत होते. ध्रुव तारा पुन्हा वर आला, तेव्हा ते शंभरापर्यंत पोचले होते.

मे महिन्यात मुंबईला उतरलो. पुन्हा तीच कचेरी, तीच रांग. आता हिशोब घ्यायचा होता. कारकुनानं सवयीनं शाईची गादी काकांपुढं सरकवली. काका म्हणाले, "पेन द्या." आणि मग म्हणाले, "आधी वाचून दाखवा."

कारकून म्हणाला, "मागं रांग बघा केवढी आहे."

शिपिंग मास्तरांनी मान वर केली. म्हणाले, "वाचा हो. नियम आहे."

कारकुनानं एकेक ओळ वाचली. काका आकड्यावर बोट ठेवून ऐकत होते. एका ओळीला त्यांनी बोट उचललंच नाही. बोटीवरच्या दुकानातून घेतलेला साबण, तीन वड्या.

"दोन," काका म्हणाले.

वही काढली. दोनच होत्या. कारकुनानं एका वडीचे पैसे कापले आणि आकडा नव्यानं लिहिला. मग काकांनी पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. मागची रांग तोवर कुरकुरत होती. त्या रांगेत सारंगचाचाही होते.